पट्टी तीच होती

माझ्या सुनेचा आवाज गेला, असं आमची वस्ती तीन वर्षं मानत आली. बाळंतपणात गेला, असं बायका सांगायच्या. तो गेला नव्हता. हे त्या तीन वर्षांत एकट्या मला ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

या वर्षीच्या वैशाखी पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभा राहून मी ते सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी कोणी मला दोष दिला नाही. उलट दोघा-तिघांनी पाठ थोपटली, या वयात कबूल करायला हिंमत लागते म्हणाले. ती थोपटलेली पाठ अजून जळते आहे, कारण मी तिथं सगळं सांगितलं नव्हतं. आता वय त्र्याहत्तर आहे. म्हणून हे पहिल्यापासून लिहितो.

मी हिंगण्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा एक माणूस पुढं माझा जिवाभावाचा मित्र झाला. त्याच्या घरी एकेकाळी हातमाग होते. वडिलांनी शेवटचा माग मोडला तेव्हा तो कारखान्यात लागला. पण त्याची खरी ओळख पेटीची. देवळातलं भजन असो की आमच्या विहारातला कार्यक्रम, पेटीवर तोच. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, मीही मास्तरच म्हणतो.

निवृत्तीनंतर मास्तरच्या बोटांना कंप सुटला. एका सुरावर बोट ठेवायला जायचा आणि शेजारचा सूर वाजायचा. एक दिवस त्याने पेटी माझ्यासमोर सरकवली. "मी सांगतो, तू वाजव. माह्याच्यानं आता होत नाही." हौस मला लहानपणापासून होती, पण माझा डावा खांदा आखडलेला. भाता दोन मिनिटं हलवला की हात खाली यायचा. त्यावर तोडगा म्हणून मी बर्डीच्या बाजारातून एक की-बोर्ड आणला.

शिकणाऱ्यांसाठी असतो तसला साधा की-बोर्ड होता तो. काळं प्लास्टिक, एकसष्ट पट्ट्या, वर आकडे दाखवणारा लहानसा पडदा. वजन इतकं कमी की मुलाच्या स्कूटरवर मागं बसून, मांडीवर आडवा धरून आणला. वायर लावली की चालायचा, वायर नसेल तर पोटात सहा सेल घालायचे. बासरी, सनई, सतार, सगळे आवाज त्यात होते. मास्तरने ते एकेक करून ऐकले आणि म्हणाला, "याले पोट आहे गा, श्वास नाही." सुनेला तेव्हा दिवस गेले होते. माझी बायको म्हणाली, "नातवंडाच्या आधी आजोबाचं खेळणं आलं घरात."

इथं एक गोष्ट समजावून सांगायला हवी. पेटीच्या पट्ट्यांना आमच्याकडे रंग आणि आकड्याने ओळखतात. पांढरी एक, काळी चार, असं. गाणाऱ्याचा सा ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. सुनेची पट्टी काळी चार. मला मात्र पांढरी एकवरूनच वाजवता यायचं. सा तिथं धरला की बोटं आपोआप चालायची. काळी चारवर धरला की अडखळायची. मास्तरने मला काळी चार शिकवण्यासाठी सहा महिने घालवले. बोटांवर पेन्सिल मारली, शिव्या दिल्या, चहा पाजला. जमलं नाही.

मग मला की-बोर्डवरचं एक बटण सापडलं. ते दाबलं की सगळं वाद्यच वर किंवा खाली सरकायचं. बोटं पांढरी एकवरच ठेवायची, पडद्यावर उणे चार हा आकडा आणायचा, म्हणजे सगळं चार सूर खाली सरकायचं, आणि आवाज काळी चारचा निघायचा. मास्तरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्याला माझी बोटं कुठं आहेत ते दिसत नव्हतं, पडदा तर नाहीच. मी त्याच्यासमोर एक गाणं सुरू केलं. त्याने मान वाकडी करून ऐकलं. त्याच्या ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"काळी चार," तो म्हणाला. "जमलं गा तुले."

मी काही बोललो नाही. ही माझी पहिली चूक. त्याने ते सगळीकडे सांगितलं. म्हातारपणी शिकला पण कोणत्याही पट्टीत वाजवतो, असं माझं नाव झालं. ते नाव मला आवडायला लागलं.

सून उमरेडची. लग्नाआधी तिथल्या गाण्याच्या मंडळात गायची, गाण्याच्या परीक्षाही दिलेल्या. बोलते कमी. नात झाली, ती चार महिन्यांची झाल्यावर सुनेने पुन्हा गायला सुरुवात केली. सकाळी साडेपाचला, घरची कामं सुरू व्हायच्या आधी, मी दिवाणावर की-बोर्ड घेऊन बसायचो आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गायची. तिथून नातीचा पाळणा दिसायचा. ती मला चुका दाखवायची, पण अशी की मला त्या माझ्याच लक्षात आल्यासारख्या वाटाव्या. त्या सकाळी सोडल्या तर निवृत्तीनंतरचे माझे दिवस आठवावे असे नाहीत.

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखी पौर्णिमेला विहाराच्या कार्यक्रमात तिचं गाणं ठेवलं होतं. जवळच्या एका शाळेला संगीत शिकवणारी बाई हवी होती. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई ऐकायला येणार होत्या. तुझं गाणं तिथंच ऐकते आणि तिथंच सांगते, असं त्यांनी सुनेला सांगितलं होतं. सुनेने या गोष्टीचा घरात फारसा गाजावाजा केला नाही. मला मात्र एकदा म्हणाली, "बाबा, हे झालं तर गाणं माझं काम होईल. मग कोणी म्हणणार नाही, भांडे पडले अन् बाई गाऊन राहिली." तिच्या सासूकडे पाहून ती हसली, पण गंमत म्हणून म्हणाली नव्हती.

मास्तरच्या डोळ्याचं ऑपरेशन आठ दिवसांपूर्वीच झालं होतं. धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं, म्हणून तो येणार नव्हता. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"सेल टाकले का त्या डब्यात? लाइन जाईन आज."

"टाकले," मी म्हणालो.

टाकले नव्हते. दोन सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले होते, एक भिंतीवरच्या घड्याळात. दुपारी आणू म्हणालो. दुपारी ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. राहून गेलं.

संध्याकाळी विहाराच्या अंगणात मांडव. दोन बाजूंना मोठे कूलर, त्यांच्यासमोरच्या खुर्च्या आधी भरल्या. वंदना झाली, पंचशील झालं, खिरीचं वाटप झालं. मुख्याध्यापिका बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. सून पांढऱ्या साडीत. नात माझ्या बायकोच्या मांडीवर. मी स्टेजवर की-बोर्ड मांडला, वायर लावली, उणे चार आणला आणि सा दिला. सुनेने हळूच तो गुणगुणला आणि मान डोलावली. सगळं जिथल्या तिथं होतं.

मग विहाराच्या सचिवांचं भाषण सुरू झालं आणि लाइन गेली.

अंधारात लोक हसले, पोरं ओरडली, कूलर थांबले आणि क्षणात घाम सुटला. चार-पाच मिनिटांनी जनरेटर सुरू झाला. दिवे आले, माझ्यासमोरचा पडदा पुन्हा उजळला. वीज गेली की त्या की-बोर्डवरचा आकडा पुसला जातो, हे मला ठाऊक होतं. घरी कितीतरी वेळा मी तो पुन्हा लावला होता. पण सचिवांनी भाषण आवरतं घेतलं आणि लगेच आमचं नाव पुकारलं. वर माझ्याबद्दलही बोलले: मास्तरांचे शिष्य, कोणत्याही पट्टीत वाजवतात. टाळ्या झाल्या. मी त्या टाळ्या ऐकत होतो. बोटं ठेवली आणि सुरू केलं.

ध्रुवपदाच्या दुसऱ्याच ओळीला सुनेने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारल्यासारखं. मला वाटलं, घाबरली आहे. मी मान हलवली, चालू दे म्हणून. ती गात राहिली. ध्रुवपद खालच्या सुरांत होतं, निभलं. पहिल्या अंतऱ्यात तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. तरी सूर हलला नाही. लोक शांत ऐकत होते. मुख्याध्यापिका बाई पुढं झुकल्या होत्या.

पहिला अंतरा संपला. मधला तुकडा मी एकट्याने वाजवायचा होता. तो वाजवताना माझी नजर पडद्यावर गेली. तिथं शून्य होतं.

म्हणजे मी पांढरी एकवर वाजवत होतो आणि पांढरी एकच वाजत होती. ती तिच्या पट्टीपेक्षा चार सूर वर गात होती. दुसरा अंतरा अजून चढणारा होता.

विहारात मी असं सांगितलं की हा आकडा मला गाणं संपल्यावर दिसला. ते खोटं आहे. तो मला तेव्हाच दिसला. मधला तुकडा दोनदा वाजवायचा होता, पहिल्यांदा वाजवून झाला होता. तेवढ्यात थांबता आलं असतं. हात उचलून "माफ करा, पट्टी चुकली" एवढं म्हणायचं होतं. लोक हसले असते आणि विसरले असते. पण मग सगळ्यांसमोर ते बटण दाबावं लागलं असतं. कोणी विचारलं असतं, हे काय दाबता? मास्तरपर्यंत ते गेलं असतं. हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात झाला, आणि तो व्हायला तेवढा तुकडा पुरला. सुनेने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, या वेळी जास्त वेळ. मी वाजवत राहिलो.

दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीला तिचा आवाज फुटला. कापड फाटावं तसा. मागं एक पोरगं हसलं, त्याला कोणीतरी गप्प केलं. तिने ती ओळ पुन्हा घेतली, पुन्हा फुटली. मग ती ध्रुवपदावर आली, ते कसंबसं संपवलं आणि हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुप्पट वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच मी की-बोर्ड बंद केला. पडदा विझला.

मांडवाच्या मागं माठ ठेवले होते. ती तिथं पाणी पीत होती. मला पाहिल्यावर तिने पेला खाली ठेवला.

"बाबा, पट्टी वर होती का?"

"नाही बेटा," मी म्हणालो. "पट्टी तीच होती."

माझ्या बोलण्यावर शंका घ्यावी, हे तिच्या मनात आलंच नाही. "मग माझाच गळा," ती म्हणाली, आणि उरलेलं पाणी जमिनीवर ओतून आत गेली. मुख्याध्यापिका बाईंनी जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला, आधी तब्येत सांभाळा म्हणाल्या. शाळेने दुसरी बाई घेतली.

आमच्या घरात त्यानंतर कारणं तयारच होती. माझी बायको म्हणाली, "बाळंतीण बाईचा आवाज असाच बसते वं. माझाही बसला होता." ज्येष्ठमध आला, गरम पाणी आलं, दही-लोणचं बंद झालं. सकाळी ती एकटीच खालचे सूर लावून पाहायची, वर जायची वेळ आली की थांबायची. माझ्यासोबत बसायची नाही. की-बोर्ड घ्यायचा का, असं मी एकदा विचारलं. "नको बाबा, त्याच्यासमोर मले भीती वाटते," ती म्हणाली. मी तो चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पडदा नजरेआड झाला.

मुलाची कामावर पाळी असायची, म्हणून तिच्यासोबत धंतोलीतल्या घशाच्या डॉक्टरकडे मी गेलो. डॉक्टरने नाकातून नळी घालून आत पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती. मी दारातून पाहत होतो. तिथं तरी बोलायला हवं होतं. एक वाक्य बोललो असतो तर ती नळी बाहेर आली असती. डॉक्टर म्हणाले, गळा स्वच्छ आहे, काही झालेलं नाही. परतताना ऑटोत तिने मला विचारलं, "काही झालं नाही, तर मग फुटला काहून?" मी बाहेर पाहत राहिलो. ऑटोवाल्याने गाणी लावली होती, त्याला मी आवाज कमी करायला सांगितलं. तेवढंच बोललो.

पुढं तिने विचारणं सोडलं. वस्तीच्या गाण्याच्या मंडळात दुसरी मुलगी पुढं गायला लागली, ही मागं टाळी धरायला बसायची. नातीला झोपवताना नुसती थोपटायची, गाणं म्हणायची नाही. घरात गाणं नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मला दिवसातून दहा वेळा यायची.

दर पौर्णिमेला विहारात पंचशील होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळे एका सुरात म्हणतात, म्हणून एखाद्याने ते नुसते ओठ हलवून म्हटलं तर कळत नाही. तीन वर्षं मी ओठ हलवले.

या वर्षी पौर्णिमेच्या दहा-बारा दिवस आधी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ टाकले. त्यात तीन वर्षांपूर्वीचा तोही होता. मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरचा फोन आला, घरी ये म्हणाला. गेलो. तो ओट्यावर पेटी समोर घेऊन बसला होता. बाजूला मोबाइल. ऑपरेशननंतर त्याला स्वच्छ दिसायला लागलं आहे.

"बस," तो म्हणाला. त्याने व्हिडिओ लावला. ध्रुवपदाची पहिली ओळ झाली तसा थांबवला. डाव्या हाताने भाता भरून घेतला, मग त्याच हाताने उजवं मनगट दाबून धरत, थरथरतं बोट पांढरी एकवर टेकवलं. सूर मिळाला.

"हे काय आहे गा?"

मी पेटीकडे पाहिलं.

"पोरीची पट्टी काळी चार. हे पांढरी एक आहे. अन् तुही बोटं पाहिली मी यात. नेहमी तिथंच असतात का?"

मी त्याला बटणाचं सांगितलं. मी थांबल्यावर तो म्हणाला, "सहा महिने तुह्या बोटावर पेन्सिल मारली. त्या बटणावर मारली असती तर बरं झालं असतं." मग तो हसला नाही, मीही नाही. त्याने पुन्हा मोबाइल उचलला.

"चार सूर वर गायली हे पोरगी. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गेली. माह्या पाहण्यात असं कोणी गेलं नाही. अन् तिले लोकं म्हणते का आवाज गेला." त्याने पेटीचं झाकण लावलं. "पौर्णिमेच्या आत सांग तिले. नाही तर मी येतो पेटी घेऊन. तिच्यासमोर व्हिडिओ लावतो अन् तिलेच विचारतो, हा सूर कोणता."

घरी आलो. चार दिवस काढले. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं: पाहुणे, नातीचा ताप, मुलाची सुट्टी. पाचव्या दिवशी मास्तर दारासमोरून जाताना दिसला. आत आला नाही, फक्त पाहून गेला. सून ओट्याशी भाजी चिरत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात, जिथं ती गायला उभी राहायची तिथं उभा राहिलो आणि सांगितलं. वीज, आकडा, बटण, मास्तर. माझी बायको आतून येऊन मध्येच थांबली.

सुनेने सुरी बाजूला सारली. "तुम्हाले कधी समजलं?"

"गाणं संपल्यावर."

"मी माठाजवळ विचारलं, तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

तिने हातातली भाजी ताटात ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही धंतोलीले माझ्यासोबत होते." एवढंच. रडली नाही, आवाज चढवला नाही. चिरलेली भाजी धुतली, फोडणीला टाकली. माझी बायको मला अजी म्हणून हाक मारते. त्या दिवशी तिने मला कशानेच हाक मारली नाही.

संध्याकाळी सून माझ्याकडे आली. "बाबा, जे चारचौघांत झालं, ते चारचौघांतच सांगा. मले घरात सांगून काय फायदा? त्या दिवशी मी काही घरात गायली नव्हती." मी हो म्हणालो. तिने कपाटावरून की-बोर्ड काढला, चादरीसकट आपल्या खोलीत नेला. दार लावलं. आतून एकेक सूर ऐकू येत होता. ती बटण शोधत होती. मग तोच सूर वर आणि खाली, वर आणि खाली.

पौर्णिमेला मी विहारात सांगितलं. त्या आधी पंचशील झालं, आणि चौथं शील मी आवाज काढून म्हणालो. बोलून झाल्यावर वाटलं, ओझं उतरलं. लोक पाठ थोपटत होते. मग सून स्टेजवर गेली. की-बोर्ड नव्हता. मास्तरची पेटी होती. मास्तर भाता हलवत होता, आणि काळी चारवर बोट तिचं स्वतःचं होतं. त्या एका सुरावर ती तेच गाणं गायली. ध्रुवपद, पहिला अंतरा, दुसरा अंतरा. तिसऱ्या ओळीला, जिथं त्या दिवशी आवाज फुटला होता तिथं, ती वर गेली नाही. ओळ खालून वळवून घेतली. इतकी सफाईने की ऐकणाऱ्यांना चाल तशीच आहे असं वाटलं असेल. मास्तरचा भात्यावरचा हात मात्र क्षणभर थांबला. त्याने मान वळवून मला शोधलं. मी खाली, खुर्च्यांत होतो.

माठ यंदाही मांडवाच्या मागं होते. ती तिथं आली.

"बाबा, एक विचारू? मधला तुकडा वाजवत होते, तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं होतं. दुसऱ्यांदा. तेव्हा तुम्हाले माहीत होतं का?"

तासाभरापूर्वी मी शील म्हटलं होतं. सगळ्यांसमोर उभा राहिलो होतो. आणि मी म्हणालो, "नाही बेटा. तेव्हा नव्हतं माहीत."

तिने मान हलवली आणि पाणी प्यायली. म्हणून हे लिहायला बसलो.

इथपर्यंतचे कागद काल सकाळी मी तिला दिले. नात अंगणवाडीत गेली होती. सून दाराशी, उजेडात उभी राहून वाचत होती. मी दिवाणावर बसून पानं उलटण्याचा आवाज ऐकत होतो. तिला वेळ लागला. शेवटचं पान वाचून ती पुन्हा मागं गेली, एक पान काढलं, वाचलं, आणि ते माझ्यासमोर धरलं.

"हे अर्धं लिहिलं तुम्ही."

मी पाहिलं. स्टेजवरचं पान होतं.

"पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मान हलवली, ते लिहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तिथं लिहिलं, मी वाजवत राहिलो." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "तेव्हाही तुम्ही मान हलवली होती बाबा. मी थांबणारच होती. तुमच्या मानेवर वर गेली मी."

मला ते आठवत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. मी डोळे मिटले. कूलरशिवायचा तो मांडव, जनरेटरची घरघर, समोर शून्य, आणि तिचा चेहरा माझ्याकडे वळलेला.

"लिहा," ती म्हणाली, आणि पेन माझ्या हातात देऊन तिथंच उभी राहिली.

हो. पडद्यावर शून्य आहे हे पाहून झाल्यावर, ती माझ्याकडे पाहत असताना, मी मान हलवली होती.